उतरणीवरचा करार

१२ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोचं चेस सेंटर पांढऱ्या टोप्यांनी भरून गेलं होतं. बोटीवरचे कप्तान घालतात तसल्या टोप्या. क्ले थॉम्प्सन हा एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला खेळाडू घरच्या सामन्यांना खाडीतून स्वतःची बोट चालवत यायचा, त्यावरून लोकांनी त्याला ‘कॅप्टन’ करून टाकलं होतं. तो डॅलस मॅव्हरिक्सचा होऊन पहिल्यांदाच या कोर्टावर परतणार, म्हणून त्याच्या जुन्या संघानं, गोल्डन स्टेट वॉरियर्सनी, प्रेक्षकांना त्या टोप्या वाटल्या. आतल्या बोळात संघाचे कर्मचारी दोन्ही बाजूंना उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मधून क्ले चालत येत होता. पडद्यावर हे बघताना माझा गळा दाटून आला आणि पुढच्याच क्षणी राग आला. एवढं कौतुक करायला जमतं, तर या माणसाला ठेवून घ्यायला का जमलं नाही? सामना सुरू झाला. क्लेनं सहा थ्री-पॉइंटर घातले, २२ गुण केले. शेवटच्या काही मिनिटांत स्टीफन करीनं एकट्यानं सामना ओढून नेला आणि वॉरियर्स १२०-११७ असे जिंकले. निकाल डोक्यातून लगेच गेला, टोप्या काही जाईनात.

रागाच्या भरात मी वॉरियर्सना कृतघ्न ठरवून मोकळा झालो असतो, पण क्लेच्या बाबतीत ते ठरवता येत नाही. २०१९ च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना आठवा. हवेतून खाली येताना त्याचा गुडघा वळला, त्याला धरून आत नेत होते, आणि फाउलबद्दल मिळालेले फ्री थ्रो घेतल्याशिवाय परत खेळायला मिळणार नाही म्हटल्यावर तो बोळातून मागे फिरला. तुटलेल्या लिगामेंटवर उभा राहून त्यानं दोन्ही फ्री थ्रो घातले. त्याच उन्हाळ्यात, तो पुढचा हंगाम खेळणार नाही हे माहीत असताना, वॉरियर्सनी त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे १९ कोटी डॉलरचा करार केला. पुढच्या वर्षी सरावात टाचेजवळची अकिलीस शीर तुटली. एकूण ९४१ दिवस तो कोर्टाबाहेर होता आणि त्या सगळ्या काळात त्याचा पगार चालू होता. २०२२ मध्ये तो परत आला आणि त्याच वर्षी संघानं त्याच्यासह चौथं अजिंक्यपद मिळवलं. म्हणजे त्यानं संघासाठी केलं, संघानंही त्याच्यासाठी केलं. उपकाराची फेड वगैरे जी भाषा आपण चाहते सहज वापरतो, तिला इथे फारसा आधारच उरत नाही.

तरीही तो जायला नको होता असं मला वाटत राहिलं. का वाटतं, हे नीट मांडता येईपर्यंत बरेच दिवस गेले.

वय आधी पायांत उतरतं. बास्केटबॉल बघणाऱ्याला ते आकड्यांच्या आधी आवाजातून कळतं. ताज्या पायांनी मारलेला शॉट रिंगला न शिवता जाळीतून जातो, तेव्हा फक्त जाळी फडकते. पाय थकले की तोच हात, तेच मनगट, तीच नजर असूनही चेंडू बोटभर आखूड पडतो आणि रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून ‘ठक्’ असा बोथट आवाज येतो. एका सामन्यात असे चार ‘ठक्’ ऐकले की पोटात कालवतं. मग बचावात दिसायला लागतं. समोरचा पोरगा पहिलं पाऊल टाकतो तेव्हा आपल्या माणसाचं पाऊल अजून विचारच करत असतं. तो हातानं जर्सी ओढतो, फाउल होतं, पंचाकडे बघून दोन्ही हात पसरतो. पूर्वी तो असा हात पसरायचा नाही. गंमत अशी की त्याच हंगामात त्याचा पास आधीपेक्षा सुंदर झालेला असतो. कोण कुठे पोचणार हे त्याला दोन क्षण आधीच कळत असतं, कारण स्वतःला तिथे धावत पोचणं आता परवडत नाही.

आम्ही खेळायचो त्या कोर्टावर असे एक दादा यायचे. कधीकाळी मोठ्या स्पर्धा खेळलेले. सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे, डाव्या गुडघ्यावर पट्टा चढवायचे, उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी गुंडाळायचे आणि रिंगखाली उभं राहून शंभरेक शॉट मारल्याशिवाय कुणाशी बोलायचे नाहीत. संघ वाटून घेताना पहिली निवड त्यांचीच व्हायची. मानाचं पान होतं ते. आणि ज्या संघात दादा, तो संघ बहुतेकदा हरायचा, कारण समोरचे सगळे हल्ले दादा उभे असतील त्याच बाजूनं यायचे. सगळ्यांना दिसत होतं. पण त्यांना कोण सांगणार? शेवटी एका संध्याकाळी संघ पडत असताना ते स्वतःच बाजूच्या कठड्यावर बसले, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली आणि म्हणाले, “तुम्ही सुरू करा रे, मी मागनं येतो.” त्या दिवसापासून ते शेवटची काही मिनिटंच उतरायचे. त्या थोड्या मिनिटांत ते कोर्टावरचे सर्वांत उपयोगी खेळाडू असायचे. व्यावसायिक खेळात मात्र कठड्यावर स्वतःहून जाऊन बसणारे दादा फार कमी भेटतात. तिथे दर मिनिटाला किंमत असते, आणि बाकावर बसणं हे पुढच्या कराराच्या वेळी तुमच्याविरुद्ध वाचून दाखवलं जातं.

ठेवून घेण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे कोबी ब्रायंट आणि लॉस एंजेलिस लेकर्स. एप्रिल २०१३ मध्ये कोबीची अकिलीस तुटली. त्यानंही तुटल्या पायानं दोन फ्री थ्रो घातले होते. नोव्हेंबरात, तो कोर्टावर परतायच्या आधीच, लेकर्सनी त्याला आणखी दोन वर्षांसाठी ४ कोटी ८५ लाख डॉलर दिले. त्या दोन्ही वर्षांत तो लीगमधला सर्वाधिक पगाराचा खेळाडू होता. करारावर सही झाली आणि परतल्यावर जेमतेम सहा सामने खेळून त्याचा गुडघा मोडला. नव्या कराराच्या दोन हंगामांत मिळून १६४ पैकी १०१ सामने तो खेळला आणि संघ फक्त ३८ जिंकला. २०१५-१६ चा १७-६५ हा लेकर्सच्या इतिहासातला सर्वांत वाईट हंगाम. कोबीचे त्या वर्षी शंभरातले छत्तीसही शॉट धड पडत नव्हते, तरी तो मारत होता, कारण सगळा हंगाम त्याच्या निरोपाचाच झाला होता. गावोगावच्या संघांनी त्याला भेटी दिल्या, चित्रफिती दाखवल्या. त्याच संघात ज्युलियस रँडल आणि डी’अँजेलो रसेलसारखी विशी-एकविशीतली पोरं होती. त्यांनी शिकायचं वर्ष दुसऱ्याच्या निरोपसमारंभात काढलं.

आणि तरी १३ एप्रिल २०१६ ची ती शेवटची रात्र. युटा जॅझविरुद्ध ५० शॉट मारून ६० गुण. चौथ्या क्वार्टरमध्ये तो कंबरेत वाकून, चड्डीची टोकं मुठीत धरून श्वास घेत होता, आणि पुन्हा चेंडू मागत होता. सदतिसाव्या वर्षी. त्याच रात्री वॉरियर्सनी हंगामातला ७३ वा विजय मिळवून विक्रम केला, आणि लोकांना आजही आठवते ती कोबीची रात्र. मी तो सामना पुन्हा पुन्हा पाहिला आहे. तो नसता तर मला चाललं असतं का? नसतं चाललं. पण एका रात्रीसाठी दोन हंगाम मोजावेत का, असं कुणी विचारलं तर मी ‘हो’ म्हणायला कचरतो. लेकर्सचे समर्थक इथे एक पुढची गोष्ट सांगतात: संघ इतका हरला म्हणून त्यांना २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर ब्रँडन इंग्रम मिळाला, त्याला पुढे देऊन अँथनी डेव्हिस आला आणि २०२० चं अजिंक्यपद हाती लागलं. घटना खऱ्या आहेत. पण त्याला नियोजन म्हणणं मला पटत नाही. पाय घसरला आणि पडलेल्या जागी नाणं सापडलं, इतकाच त्याचा अर्थ.

माझा लेकर्सवरचा खरा आक्षेप पैशाचा नाहीच. त्यांनी चेकवर सही केली आणि जे बोलायला हवं होतं ते टाळलं. ‘तू आता आठवड्यात दोनच सामने खेळशील, शेवटचा शॉट दर वेळी तुझा नसेल, या दोन पोरांच्या हातात चेंडू राहील,’ हे कुणी त्याच्याशी बोलून ठरवलं असेल तर ते कोर्टावर तरी दिसलं नाही. सगळ्यात मोठा पगार म्हणजे सगळ्यात जास्त शॉट, हे गृहीतच धरलं गेलं.

आता याच्या उलट बाजूला स्टीव्ह नॅश. २००४ मध्ये तो तीस वर्षांचा होता, पाठ दुखरी, आणि डॅलसचे मालक मार्क क्युबन यांना त्याच्यावर लांबचा मोठा करार लावणं जोखमीचं वाटलं. फिनिक्स सन्सनी लावला. आदल्या वर्षी २९ सामने जिंकलेला फिनिक्स पुढच्या वर्षी ६२ जिंकला, नॅश २००५ आणि २००६ असा लागोपाठ लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २००५ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, त्यानं डॅलसलाच घरी पाठवलं. त्याच्याबद्दलचं एक दृश्य मला फार आवडतं. बदली खेळाडू उतरला की नॅश बाकावर बसायचाच नाही. कोर्टच्या कडेला सरळ उताणा आडवा व्हायचा, कारण बसलं की पाठ धरायची. इतर खेळाडू त्याला ओलांडून जायचे. क्युबनना भीती वाटली ती हीच पाठ, आणि ती भीती खोटी नव्हती. फक्त त्या पाठीला कसं सांभाळायचं हे नॅशला इतरांपेक्षा चांगलं माहीत होतं. पण याच नॅशवर २०१२ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, लेकर्सनी तीन वर्षांचा डाव लावला. दुसऱ्याच सामन्यात पोटरीजवळचं हाड मोडलं आणि लेकर्ससाठी तो तीन हंगामांत मिळून ६५ सामने खेळला. एकाच माणसाच्या बाबतीत एकानं घाबरून चूक केली, दुसऱ्यानं धाडस करून. जन्मतारखेवरून निर्णय घेणाऱ्यांना मी ही दोन सालं दाखवीन.

पैशांच्या गणिताविषयी थोडं बोलायलाच हवं, कारण चाहत्यांच्या भांडणात सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच असतो. ‘याला सोडा, त्या पैशांत दोन तरुण येतील,’ हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण एनबीएत सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारांवर मर्यादा आहे, २०२५-२६ साठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर होती, आणि बहुतेक चांगले संघ तिच्या वरच असतात. कॅपच्या वर गेलेला संघ स्वतःच्या जुन्या खेळाडूला हवा तेवढा, कमाल मर्यादेपर्यंत, पगार देऊ शकतो. लॅरी बर्डच्या नावानं ओळखला जाणारा हा नियमच आहे. तोच खेळाडू निघून गेला तर ती रक्कम बाहेरच्या कुणाला देता येत नाही. ती हवेत विरते. मालकाचा जास्तीच्या पगारांवरचा कर वाचतो, संघाच्या हाती काही येत नाही. हे झालं ठेवण्याच्या बाजूचं. पण २०२३ च्या नव्या करारनाम्यानं वर आणखी एक कुंपण घातलंय, ज्याला सेकंड एप्रन म्हणतात. २०२५-२६ मध्ये ते सुमारे २० कोटी ७८ लाखांवर होतं. त्याच्या पलीकडे गेलं की दोन खेळाडूंचे पगार जोडून एका मोठ्या खेळाडूची अदलाबदल करता येत नाही, अदलाबदलीत रोख रक्कम देता येत नाही, बाहेरच्या खेळाडूला मधल्या पगारावर घेण्याची सूटही बंद होते. अशा वेळी छत्तिशीतल्या माणसाचे जास्तीचे साठ लाख डॉलर संघाला बांधून टाकतात. म्हणून हल्ली एक अपेक्षा रुळली आहे: ताऱ्यानं स्वतःहून कमी घ्यावं.

ही अपेक्षा मला खटकते. टिम डंकननं २०१२ मध्ये आदल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी पगारावर सॅन अँटोनिओ स्पर्ससाठी सही केली. डर्क नोवित्स्कीनं २०१४ मध्ये तीन वर्षांना अडीच कोटी घेतले, तेव्हा त्याच्या आधीच्या एका वर्षाचाच पगार सव्वादोन कोटींवर होता. दोघांबद्दल मला आदरच आहे. पण संघाची किंमत अब्जांत जात असताना त्यागाची अपेक्षा फक्त खेळाडूकडून का? शिवाय त्यागातून हमखास काही मिळतं असंही नाही. डंकनच्या वाचलेल्या पैशांभोवती नीट संघ उभा राहिला. २०१३ च्या अंतिम मालिकेत सातव्या सामन्याच्या शेवटी रिंगच्या अगदी जवळून त्याचा साधा शॉट चुकला, त्यानं खाली वाकून दोन्ही तळहात जमिनीवर आपटले, आणि पुढच्याच वर्षी अडतिसाव्या वर्षी तो पुन्हा अजिंक्य ठरला. डर्कनं सोडलेल्या पैशांतून डॅलसला काय मिळालं? २०११ च्या अजिंक्यपदानंतर तो निवृत्त होईपर्यंत त्या संघानं प्लेऑफची एकही फेरी जिंकली नाही. आठ वर्षं तो एका पायावर मागे झुकून तोच शॉट मारत राहिला आणि आम्ही कौतुक करत राहिलो, की बघा, किती निष्ठावंत. निष्ठा होती, शंकाच नाही. संघानं त्या निष्ठेचं सोनं केलं नाही, हेही तितकंच खरं.

माझ्या मनातलं उत्तर मला मनू जिनोबिलीपाशी सापडलं.

अर्जेंटिनाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणारा, एनबीएच्या कुठल्याही संघात पहिल्या पाचात सहज बसला असता असा हा खेळाडू. स्पर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी त्याला ऐन भरात असतानाच बेंचवरून, म्हणजे बदली खेळाडू म्हणून, खेळायला सांगितलं. तो घासून संपल्यावर नव्हे, तो उत्तम खेळत होता तेव्हा. दुसऱ्या फळीला कुणीतरी चालवणारा हवा होता, म्हणून. त्यामुळे पुढे वय झालं तेव्हा जिनोबिलीचं काहीच हिरावून घ्यावं लागलं नाही. मिनिटं हळूहळू कमी होत गेली, जागा तीच राहिली. २०१६ च्या उन्हाळ्यात, एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर, स्पर्सनी त्याला एका वर्षाचे १ कोटी ४० लाख डॉलर दिले. बाहेरून हिशेब करणाऱ्याला हा वेडेपणा वाटला असणार. मग ९ मे २०१७. ह्यूस्टन रॉकेट्सविरुद्ध मालिका २-२, पाचवा सामना जादा वेळेत, स्पर्सचा प्रमुख खेळाडू कवाय लेनर्ड घोटा दुखावून बाहेर बसलेला. स्पर्स तीन गुणांनी पुढे, शेवटचे काही क्षण, चेंडू ह्यूस्टनच्या जेम्स हार्डनकडे. हार्डन जिनोबिलीला चकवून बाजूला झाला आणि बरोबरीसाठी शॉट मारायला वर गेला. जिनोबिली मागे पडला होता. पायांत आता त्याला गाठण्याचं बळ नव्हतं, आणि हे त्यालाच सगळ्यात आधी ठाऊक असणार. तो गाठायला धावलाच नाही. मागूनच उडी घेतली, हात लांबवला आणि चेंडू हार्डनच्या हातातून सुटता सुटता त्याला स्पर्श केला. ११०-१०७. चाळिशीला आलेल्या, टक्कल पडलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद होता, तो विशीतल्या पोरासारखा कोरा होता. पुढच्या सामन्यात स्पर्सनी मालिका संपवली.

त्या एका हातासाठी १ कोटी ४० लाख जास्त होते का? मला नाही वाटत. पण मुद्दा त्या हाताचा नाही. तो माणूस त्या क्षणी कोर्टावर असू शकला, ताजा असू शकला आणि आपली जागा कोणती याबद्दल त्याच्या मनात कसलाही सल नव्हता, याची तयारी दहा वर्षं आधी झाली होती. स्पर्सनी करार दर वेळी नव्यानं केला, बोलणं मात्र एकदा वेळेवर करून ठेवलं होतं.

क्लेच्या बाबतीत ते बोलणं उशिरा झालं. १५ फेब्रुवारी २०२४ ला युटामध्ये वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी त्याला बेंचवरून उतरवलं. पदार्पणाच्या वर्षानंतर असं प्रथमच घडत होतं, आणि त्याच्या जागी सुरुवात केली ती पहिल्याच वर्षात असलेल्या ब्रँडिन पोजिएम्स्कीनं. क्लेनं त्या रात्री ३५ गुण केले, हंगामातले त्याचे सर्वाधिक. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. वाटलं, झालं, सापडली जागा. हा आता आणखी चार वर्षं असाच येईल, तापलेल्या तव्यासारखा, दुसऱ्या क्वार्टरच्या तोंडाला. पण तोवर करार संपत आला होता. बेंच आणि कमी पगार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी त्याच्यासमोर आल्या, आणि आपल्याला एकदम दोन पायऱ्या उतरवतायत असं कुणालाही वाटलं असतं. एप्रिलमध्ये सॅक्रामेंटोत वॉरियर्सचा हंगाम संपला, त्या सामन्यात त्यानं दहा शॉट मारले आणि एकही पडला नाही. त्याचा वॉरियर्ससाठीचा तो शेवटचा सामना. जुलैत तो तीन वर्षांसाठी ५ कोटी डॉलरवर डॅलसला गेला. २०२५-२६ मध्ये तिथेही तो बेंचवरून येऊ लागला. म्हणजे जी जागा त्याला स्वतःच्या घरात कडू लागली, ती परक्या घरात त्यानं घेतली. माणसाचं असंच असतं, यात त्याला दोष द्यावासा वाटत नाही.

आणि आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत दणकट पुरावा. २०१३ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सनी पॉल पिअर्स आणि केव्हिन गार्नेटला ब्रुकलिन नेट्सकडे पाठवून दिलं. पिअर्स पंधरा वर्षं बॉस्टनचा होता, २००८ च्या अजिंक्यपदाचा नायक. त्या बदल्यात आलेल्या ड्राफ्टच्या हक्कांतून पुढे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले, आणि २०२४ ला बॉस्टन पुन्हा अजिंक्य झालं. ब्रुकलिनच्या हाती प्लेऑफची एक फेरी लागली, तीही टोरँटोविरुद्ध सातव्या सामन्यात पिअर्सनं काइल लाउरीचा अखेरचा शॉट अडवला म्हणून, १०४-१०३. नातंही तुटलं नाही. २०१८ मध्ये बॉस्टननं पिअर्सची ३४ क्रमांकाची जर्सी छताला टांगली. इतका थंड निर्णय आणि इतकं रसरशीत फळ. मी यावर बरंच डोकं खाजवलं. बॉस्टननं बरोबर केलं, यात वाद नाही. पण त्यांच्याकडे तेव्हा जिंकू शकणारा संघच उरला नव्हता. पिअर्स राहिला असता तर तो एका पडक्या वाड्याचा राखणदार झाला असता. करी अजून भरात असलेल्या वॉरियर्सची गोष्ट निराळी होती. जिथे अजून जिंकायचंय तिथे शहाणा, नेमबाज, थकलेला माणूस कामाचा असतो. जिथे सगळं नव्यानं लावायचंय तिथे त्याला अडकवून ठेवणं त्याच्यावरच अन्याय.

हे लिहितानाही मनात एक गोष्ट टोचतेय. ज्या सहा संघांच्या व्यवहारातून क्ले डॅलसला गेला, त्याच व्यवहारातून बडी हील्ड वॉरियर्सकडे आला. मे २०२५ मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात हील्डनं नऊ थ्री-पॉइंटर घातले, ३३ गुण केले आणि वॉरियर्सना पुढच्या फेरीत नेलं. मी खुर्चीतून उठून ओरडत होतो. आणि मधेच, सहाव्या की सातव्या शॉटला, हे शॉट कोणी मारायचे होते ते आठवून गप्प झालो.

नुसतं ठेवणंही पुरेसं नसतं हे क्रिस पॉलनं दाखवलं. २०२५ च्या उन्हाळ्यात तो लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे, आपल्या जुन्या घरी, किमान पगारावर परत आला. चाळिशीतला, कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षासाठी. गोड गोष्ट होती. डिसेंबर उजाडताच संघानं त्याला दौऱ्यावरूनच घरी पाठवलं. पैसे तिथे भांडणाचं कारण नव्हतेच. त्यानं काय करायचं, कुणाला काय बोलायचं, किती बोलायचं, हे दोन्हीकडच्यांच्या मनात वेगळं होतं असं दिसतं. मायामी हीटनं युडोनिस हॅस्लमला बेचाळिशीपर्यंत ठेवलं, तो वर्षाला मोजके सामने खेळायचा, पण त्यानं काय करायचं हे अख्ख्या संघाला माहीत होतं: बाकावरून उठून तरुणांना झापायचं. २०२३ च्या अंतिम मालिकेत तो काही क्षण कोर्टावरही उतरला. त्याच मायामीनं २०१६ मध्ये ड्वेन वेडला पैशांच्या घासाघीशीत शिकागोला जाऊ दिलं होतं आणि दीड वर्षानं परत आणलं. एकच संघ, दोन माणसं, दोन रीती.

आता पुढची पाळी करीची आहे. त्याचा करार २०२६-२७ च्या हंगामापर्यंत आहे, शेवटच्या वर्षाचे ६ कोटी २६ लाख डॉलर, आणि तो संपेल तेव्हा करी एकोणचाळिशी ओलांडलेला असेल. त्याचा नेम पायांवर कमी आणि सवयीवर जास्त चालतो असं आपण स्वतःला समजावतो, पण ते खरं नाही. तो सामनाभर जितका पळतो तितकं क्वचितच कुणी पळतं, आणि पळणं थांबलं की शॉट मोकळा मिळणार नाही. मला विचाराल तर त्याला ठेवावं. एका-एका वर्षाचे करार, पगार त्याच्या तोलाचा, कारण बर्डच्या नियमामुळे तो पगार वाचवून दुसरा कुणी येणारच नाही. पण प्रतिनिधी, वकील आणि आकडे खोलीत यायच्या आधी स्टीव्ह कर असोत की तेव्हाचा कुणी प्रशिक्षक, त्यानं करीला एकट्याला गाठून बसावं. किती मिनिटं, लागोपाठच्या दिवशीच्या सामन्यांचं काय, शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कुणाच्या हातात, आणि तू बाकावर असताना कोर्टावर जो पोरगा असेल त्याच्या चुकांवर तू काय करशील, हे सगळं तिथे ठरावं. आणि ते २०२७ च्या जुलैत नको. अजून तो रात्रीला तीस गुण करू शकतो, तेव्हाच, म्हणजे आत्ता.